‘विषारी’ म्हणजे नेमकं काय? एका शब्दाचा गोंधळ आणि सर्पदंशात जाणारे जीव

पावसाळा सुरू झाला की सोशल मीडियावर एक प्रश्न हमखास दिसू लागतो. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या अंगणात, तर कुणाच्या थेट बाथरूममध्ये साप निघतो. लगेच मोबाइलवर फोटो काढला जातो, ग्रुपवर टाकला जातो आणि खाली विचारलं जातं, “हा विषारी आहे का?” पाच मिनिटांत वीस उत्तरं येतात. कुणी म्हणतं घोणस, कुणी म्हणतं अजगराचं पिल्लू, तर कुणी सरळ सांगून मोकळं होतं, “सगळे साप विषारीच असतात, मारून टाका.”

प्रश्न साधा वाटतो. पण ‘विषारी’ हा शब्द मराठीत एकाच वेळी बरीच कामं करतो. नाग विषारी, कण्हेर विषारी, कारखान्यातून सुटलेला वायू विषारी, काही मासे विषारी आणि एखाद्याची जीभसुद्धा विषारी! रोजच्या बोलण्यात यामुळे काही अडत नाही. जीवशास्त्रात मात्र या एका शब्दाच्या पोटात वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत, आणि साप चावतो तेव्हा त्या वेगळ्या न ओळखणं महागात पडू शकतं.

किती महागात? भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू. त्यातले निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आणि बहुतेक सगळे ग्रामीण भागातले. शेतात राबणारी, जमिनीवर झोपणारी, अंधारात अनवाणी चालणारी माणसं यात जास्त असतात. म्हणून हा शब्द नीट समजून घेणं हा काही फक्त भाषेचा शौक नाही.

पहिला फरक: विष शरीरात शिरतं कसं?

इंग्रजीत विषारी प्राण्यांसाठी दोन वेगळे शब्द आहेत: ‘व्हेनमस’ आणि ‘पॉइझनस’. मराठीत दोन्हींना आपण ‘विषारी’ म्हणतो. फरक आहे तो विषाच्या वाटेचा.

पहिल्या प्रकारात प्राणी स्वतःहून विष टोचतो. त्यासाठी त्याच्याकडे तीन गोष्टी लागतात: विष तयार करणारी ग्रंथी, ते वाहून नेणारी नळी आणि समोरच्याच्या शरीरात घुसवणारं हत्यार. सापाकडे हे हत्यार म्हणजे विषदंत. विंचवाकडे शेपटीच्या टोकाची नांगी. मधमाशीकडे काटा. गंमत म्हणजे मधमाशीचा काटा मुळात अंडी घालण्याच्या अवयवापासून तयार झालेला आहे, त्यामुळे डंख फक्त माद्याच मारू शकतात. नर मधमाशीकडे काटाच नसतो.

दुसऱ्या प्रकारात प्राणी किंवा वनस्पती काहीच करत नाही. विष तिच्या अंगातच असतं. कुणी तिला खाल्लं, चावलं किंवा काही बाबतीत नुसता स्पर्श केला, तर ते विष बाधतं. धोतरा, कण्हेर, कळलावी, गुंजेची बी ही आपल्या ओळखीची उदाहरणं. समुद्रातला पफर मासा, ज्याला जपानमध्ये फुगू म्हणतात, तोही याच गटातला. तो माणसाला विष टोचत नाही, पण नीट साफ न करता खाल्ला तर जीव जाऊ शकतो.

लक्षात ठेवायला सोपी खूण अशी: त्याने आपल्याला चावून विष भिनलं तर पहिला प्रकार, आपण त्याला खाऊन भिनलं तर दुसरा.

ही वाट एवढी महत्त्वाची का? सापाचं विष म्हणजे मुख्यतः प्रथिनांचं मिश्रण. विषग्रंथी या लाळग्रंथींचंच बदललेलं रूप आहेत. हे विष रक्तात किंवा स्नायूत शिरलं तर घातक ठरतं, पण पोटात गेलं तर त्यातली प्रथिनं बरीचशी पचून जातात. म्हणून काही आदिवासी समाज आणि अनेक देशांतली माणसं साप शिजवून खातात आणि त्यांना काही होत नाही. अर्थात, विषाची परीक्षा पाहू नये हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. तोंडात छोटीशी जखम असेल, हिरड्या सुजलेल्या असतील किंवा पोटात अल्सर असेल, तर तेच विष रक्ताची वाट धरू शकतं. सर्पदंशाची जखम तोंडाने चोखण्याचा सिनेमातला उपाय यामुळेच दुहेरी धोक्याचा आहे. रुग्णाच्या शरीरात पसरलेलं विष त्याने बाहेर येत नाही आणि चोखणाऱ्याच्या जिवाशी मात्र खेळ होतो.

एकच विष, दोन वाटा

निसर्ग आपल्या शब्दांची पर्वा करत नाही, याची दोन मजेदार उदाहरणं आहेत.

पफर माशात सापडणाऱ्या विषाचं नाव टेट्रोडोटॉक्सिन. हेच विष ऑस्ट्रेलियाच्या आसपासच्या समुद्रात राहणाऱ्या निळ्या कड्यांच्या छोट्या ऑक्टोपसमध्येही असतं. पण ऑक्टोपस ते चावून शरीरात सोडतो. म्हणजे रसायन एकच, पण माशाच्या बाबतीत ते खाण्यातून बाधतं आणि ऑक्टोपसच्या बाबतीत दंशातून. ‘विषारी’ ही ओळख नुसत्या रसायनावर ठरत नाही, ते पोहोचतं कसं यावरही ठरते.

दुसरं उदाहरण जपानमधल्या एका सापाचं. यामाकागाशी नावाचा हा साप चावून विष टोचतो. शिवाय त्याच्या मानेवर ग्रंथींची एक रांग असते आणि त्यात वेगळंच विष साठवलेलं असतं. कुणी त्याची मान पकडली की ते विष शत्रूच्या तोंडात जातं. म्हणजे हा साप दोन्ही अर्थांनी विषारी! त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे मानेतलं हे विष तो स्वतः बनवत नाही. तो जे विषारी भेक खातो, त्यांच्याकडून ते घेतो. ज्या बेटावर हे भेक नाहीत, तिथल्या सापांच्या मानेत हे विष आढळत नाही, असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं.

उसनं विष ही निसर्गात दुर्मीळ गोष्ट नाही. दक्षिण अमेरिकेतले भडक रंगांचे विषारी बेडूक मुंग्या आणि कोळीवर्गातले बारीक जीव खाऊन विष मिळवतात. तेच बेडूक काचेच्या पेटीत वाढवले आणि त्यांना साधे किडे खायला दिले, तर त्यांच्या अंगात ते विष येतच नाही. आपल्याकडे रुईच्या झाडावर दिसणारी प्लेन टायगर फुलपाखराची अळी रुईचा विषारी चीक असलेली पानं खाते. त्यातली द्रव्यं तिच्या अंगात साठतात आणि पुढे फुलपाखरातही उतरतात. एखाद्या पक्ष्याने ते एकदा खाल्लं की पुन्हा त्या नारिंगी पंखांच्या वाटेला जायचं नाही, हे तो शिकतो.

दुसरा फरक: विषारी, पण कुणासाठी?

घरातल्या कोपऱ्यात जाळं विणणारा कोळी विषारी आहे का? जीवशास्त्राच्या भाषेत उत्तर ‘हो’ आहे. अगदी थोडे अपवाद सोडले तर सगळ्याच कोळ्यांकडे विष असतं. त्याशिवाय ते जाळ्यातल्या माशीला गारद कसे करणार? पण बहुतेकांचे दात माणसाच्या कातडीत शिरत नाहीत किंवा त्यांच्या विषाचा माणसावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून व्यवहारात आपण त्यांना निरुपद्रवी म्हणतो. माशीला विचारलं तर ती वेगळं उत्तर देईल!

उलट उदाहरण मुंगसाचं. मुंगूस कुठलीशी मुळी खाऊन नागाचं विष उतरवतं, असा समज गावोगावी आहे. खरं कारण त्याच्या शरीरात आहे. नागाचं विष स्नायूंवरच्या ज्या जागेला जाऊन चिकटतं आणि त्यांची हालचाल बंद पाडतं, ती जागा मुंगसात थोडी वेगळ्या घडणीची आहे. त्यामुळे विषाला तिथे नीट पकड मिळत नाही. जोडीला मुंगसाची चपळाई असतेच. तरीही भरपूर विष गेलं तर मुंगूसही मरू शकतं.

थोडक्यात, साप ‘विषारी’ की ‘बिनविषारी’ असं आपण म्हणतो, तेव्हा न बोललेले दोन शब्द त्यात गृहीत असतात: ‘माणसाच्या दृष्टीने’.

विषारी, निमविषारी, बिनविषारी

मराठीत सापांची ही तीन गटांची वाटणी चांगली रुळली आहे. सर्पमित्रांच्या तोंडी आणि सापांवरच्या पुस्तकांत तीच सापडते.

*विषारी:* नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार साप महाराष्ट्रातल्या आणि एकूणच भारतातल्या बहुसंख्य घातक दंशांना जबाबदार आहेत. याशिवाय सह्याद्रीत चापडा, किनाऱ्यालगत समुद्री साप असे इतर विषारी सापही आहेत.

*निमविषारी:* मांजऱ्या, हरणटोळ, उडता सोनसर्प यांसारखे साप. यांचे विषदंत वरच्या जबड्यात मागच्या बाजूला असतात. विष सौम्य असतं, ते पाली, सरडे, बेडूक अशा भक्ष्याला पुरतं. माणसाला सहसा सूज आणि वेदनेपलीकडे त्रास होत नाही.

*बिनविषारी:* धामण, दिवड, तस्कर, कवड्या, नानेटी, कुकरी, गवत्या, अजगर, मांडूळ, डुरक्या घोणस वगैरे. आपल्याकडच्या बहुतेक जाती याच गटात येतात. डुरक्या घोणसच्या नावात घोणस आहे, पण तिला विष नाही. धामणीच्या शेपटीत विष असतं ही निव्वळ दंतकथा आहे.

ही वाटणी उपयोगाची आहे, पण तिच्या मर्यादा माहीत असायला हव्यात. ‘निमविषारी’ हा अनुभवावरून दिलेला शब्द आहे. त्याचा अर्थ अर्धं विष किंवा अर्धा धोका असा काही मोजून काढलेला नाही. आजवर त्या सापांनी माणसांना मारल्याच्या नोंदी नाहीत किंवा फार थोड्या आहेत, एवढंच त्यामागे असतं. आणि अनुभव अपुरा असेल तर शब्द फसवू शकतो.

याची किंमत जगातल्या एका नामवंत सर्पतज्ज्ञाने मोजली. कार्ल श्मिट हे शिकागोच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातले ज्येष्ठ अभ्यासक. सप्टेंबर १९५७ मध्ये शहरातल्या प्राणिसंग्रहालयाने एक आफ्रिकन साप ओळख पटवण्यासाठी त्यांच्याकडे पाठवला. तो बूमस्लँग जातीचा छोटा साप होता. हाताळताना तो त्यांच्या अंगठ्याला चावला. मागे विषदंत असलेल्या सापाने, तेही लहान पिल्लाने, मोठ्या माणसाचा जीव जाईल असं त्या काळात फारसं कुणी मानत नव्हतं. श्मिट यांनी उपचार घेतले नाहीत. आपल्याला काय काय होतंय, याच्या नोंदी मात्र ते शांतपणे वहीत करत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बरं वाटत होतं. त्याच दुपारी शरीरातल्या रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. पुढे १९७५ मध्ये जर्मनीतले सर्पतज्ज्ञ रॉबर्ट मर्टेन्स यांचाही मागे विषदंत असलेल्या दुसऱ्या एका आफ्रिकन सापाच्या दंशाने मृत्यू झाला.

आपल्याकडच्या मांजऱ्याला किंवा हरणटोळाला घाबरून त्याला मारावं, असा याचा अर्थ नाही. पण ‘निमविषारीच तर आहे’ म्हणून साप हातात घेऊन रील बनवणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

फोटोवरून ओळखण्याची घाई

तीन गट पाठ झाले तरी साप ओळखणं सोपं होत नाही. बिनविषारी कवड्या आणि अतिविषारी मण्यार यांत लोकांची नेहमी गल्लत होते. दोघांच्या गडद अंगावर पांढरट आडवे पट्टे असतात. मण्यारीचे पट्टे डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे जास्त ठळक दिसतात. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. वाचायला सोपं आहे. पण रात्री, टॉर्चच्या उजेडात, पळणाऱ्या सापावर हे पट्टे कोण तपासणार?

घोणस आणि अजगराचं पिल्लू ही दुसरी जोडी. अंगावरच्या ठिपक्यांमुळे घोणशीला ‘अजगराचं पिल्लू’ समजून हातात घेण्याची चूक होते आणि ती जिवावर बेतते. उलट दिशेने, कवड्या आणि डुरक्या घोणस असे किती तरी बिनविषारी साप विषारी समजून ठेचले जातात. साप साप म्हणून भुई धोपटण्याची सवय जुनीच आहे, आता तिला कॅमेरा मिळाला आहे एवढंच. साप मारणं किंवा बाळगणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, हेही अनेकांना माहीत नसतं.

तिसरा फरक: विषारी साप चावला म्हणजे विष भिनलंच असं नाही

हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी माहीत असलेला मुद्दा.

सापासाठी विष ही मौल्यवान वस्तू आहे. ते भक्ष्य मारण्यासाठी आहे आणि एकदा वापरलं की पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. त्यामुळे बचावासाठी चावताना विषारी साप पुष्कळदा विष सोडतच नाही किंवा अगदी कमी सोडतो. याला कोरडा दंश म्हणतात. दातांचे व्रण दिसतात, साप नागच असतो, तरीही रुग्णाला काही होत नाही.

आता यात बिनविषारी सापांचे दंश मिळवा. म्हणजे सापाने चावलेल्या माणसांपैकी बऱ्याच जणांना काहीही उपचार न करता बरं वाटणारच असतं. अशा रुग्णाला भगताकडे नेलं, मंत्र टाकला, अंगारा लावला, पाला बांधला आणि तो सकाळी उठून बसला, तर श्रेय कुणाला मिळणार? गावात नाव होतं, ‘अमुक बाबा विष उतरवतात.’ पुढच्या वेळी खरोखर विष भिनलेला रुग्ण त्याच दारात नेला जातो आणि दवाखान्यात पोहोचण्याचे मोलाचे तास तिथे संपतात.

याची दुसरी बाजूही तितकीच धोक्याची आहे. ‘काही दुखत नाही, सूज नाही, म्हणजे विष नाही’ असं समजून घरी थांबणं. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात बारीक असतात, दंश अनेकदा दुखत नाही, व्रणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळायला त्रास होतो आणि मग श्वास अडतो. घरचे पोटदुखीवर ओवा देत बसतात.

नाग आणि मण्यार यांचं विष मुख्यतः मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडतं, म्हणून श्वास बंद पडण्याचा धोका. नागाच्या दंशात त्या जागचं मांसही सडू शकतं. घोणस आणि फुरशाचं विष रक्ताच्या गोठण्यावर घाला घालतं, म्हणून हिरड्यांतून, लघवीतून रक्त येणं, अंगात रक्तस्राव होणं. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडंही निकामी होऊ शकतात. चारही साप ‘विषारी’, पण प्रत्येकाचं काम वेगळं. एवढंच काय, एकाच जातीच्या सापाचं विष वेगवेगळ्या प्रदेशांत वेगळं असू शकतं.

मग डॉक्टरांना साप कोणता ते कसं कळतं?

बहुतेक वेळा कळत नाही, आणि उपचार सुरू करायला ते कळण्याची गरजही नसते.

सापाच्या विषावरचं खरं औषध एकच, प्रतिसर्पविष. विषाची थोडी थोडी मात्रा घोड्याला टोचली की त्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. ती रक्तातून वेगळी करून हे औषध बनतं. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात ही वाट दाखवली. मुंबईत परळच्या हाफकिनचं नाव या औषधाशी अनेक दशकं जोडलेलं आहे. औषधासाठी लागणारं विष बऱ्याच अंशी तमिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणाऱ्या या समाजातले लोक साप पकडून, विष काढून, पुन्हा जंगलात सोडतात.

भारतात मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषांवर मिळून बनवलेलं असतं. त्यामुळे चौघांपैकी कोण चावला हे ठाऊक नसलं तरी डॉक्टर लक्षणं पाहून उपचार सुरू करतात. रक्त स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि ते गोठतं का पाहायचं, अशी साधी तपासणी ग्रामीण रुग्णालयातही करता येते. गोठलं नाही तर रक्तावर परिणाम करणारं विष भिनलं आहे, हे समजतं. चापड्यासारख्या सापांच्या विषावर मात्र या औषधाचा भरवसा नाही. तिथे लक्षणांनुसार इतर उपचार करावे लागतात. तेही दवाखान्यातच शक्य असतात.

प्रतिसर्पविष गरजेशिवाय देत नाहीत, कारण त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. म्हणून साप विषारी असूनही विष भिनल्याची लक्षणं नसतील, तर डॉक्टर रुग्णाला फक्त देखरेखीखाली ठेवतात. नातेवाईक चिडतात, “नाग चावलाय आणि इंजेक्शन देत नाहीत!” इथे ‘विषारी साप’ आणि ‘विषबाधा’ यांतला फरक कळला तर अर्धे वाद मिटतील.

विंचवाने शिकवलेला धडा

‘विष’ म्हटलं की ‘उतारा’ असं आपलं समीकरण असतं. कोकणातल्या लाल विंचवाने ते बदलायला लावलं. त्याच्या दंशाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, हृदयावर प्रचंड ताण पडतो, फुप्फुसात पाणी साचतं. लहान मुलं यात दगावत असत. रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध यासाठी वापरून पाहिलं आणि मृत्यूंचं प्रमाण कमालीचं खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विष शरीरात नेमकं काय करतं हे कळलं, तर इलाज नेहमीच्या औषधांतही सापडू शकतो. नुसतं ‘विषारी’ म्हणून थांबलं असतं तर तो सापडला नसता.

साप चावला तर काय करायचं?

– रुग्णाला धीर द्या, चालायला-पळायला लावू नका. चावलेला हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवा.
– अंगठी, बांगड्या, घड्याळ, पैंजण, घट्ट कपडे लगेच काढा. सूज आल्यावर ते रुततात.
– दोरीने आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका, बर्फ लावू नका.
– साप पकडण्याच्या किंवा मारून दवाखान्यात नेण्याच्या फंदात पडू नका. त्यात दुसरा माणूस चावला जातो. मेलेल्या सापाचं डोकंही काही वेळ चावू शकतं.
– १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या सरकारी रुग्णालयात पोहोचा. दंशाची वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा.
– साप बिनविषारी वाटला तरी दाखवून या. जखम साफ करणं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन तरी लागतंच.

साप नुसता दिसला असेल, चावला नसेल, तर लांब उभं राहून त्याच्यावर नजर ठेवा आणि ओळखीच्या सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाच्या विषबाधेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, असा राष्ट्रीय कृती आराखडा भारतानेही २०२४ मध्ये जाहीर केला. पण औषध कितीही पुरवलं तरी रुग्ण वेळेत दारात आला नाही तर ते कपाटातच राहतं.

“हा विषारी आहे का?” हा प्रश्न कुतूहलापोटी जरूर विचारावा. त्यातूनच साप ओळखायला शिकता येतं आणि विनाकारण जाणारे सापांचे जीवही वाचतात. पण साप चावलेला असेल तर फोटो टाकून उत्तराची वाट पाहण्यात वेळ घालवू नये. त्या वेळी ग्रुपवरच्या एकाही उत्तरावर विसंबून चालत नाही, आणि गाडी काढायला त्यातलं एकही लागत नाही.